सूचनाफलकापासून पडद्यापर्यंत

वाचकहो, शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की त्यात सर सय्यद अहमद खान यांचे अलीगढ यावे, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये मुंबईत उभारलेली अंजुमन-ए-इस्लाम यावी, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पण त्या विषयावर माझ्याहून जाणत्या मंडळींनी भरपूर लिहिले आहे. मी आज आपणाला एका साध्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे सूचनाफलक.

कोणत्याही शाळेच्या किंवा कॉलेजच्या व्हरांड्यात काचेच्या दाराची एक चपटी पेटी भिंतीला ठोकलेली असते. आत हिरवे कापड, त्यावर टाचण्यांनी लावलेले कागद, आणि दाराला कुलूप. किल्ली शिपायाकडे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, वक्तृत्व स्पर्धेचा विषय, स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम, हरवलेल्या छत्रीची खबर, सारे त्या एका पेटीत. ही पेटी इतकी परिचयाची आहे की तिच्याविषयी विचार करण्यासारखे काही असेल असे आपल्याला वाटतही नाही. परंतु जरा थांबून पाहा. कागद लावण्याचा हक्क कोणाला? लावलेला कागद काढण्याचा हक्क कोणाला? कागदाखाली नाव कोणाचे? आणि जो विद्यार्थी चार दिवस आजारी होता, त्याला मधल्या काळातले कागद कसे दिसणार? पेटी करणाऱ्या सुताराने या प्रश्नांची उत्तरे कुलूप आणि काच लावून देऊन टाकली आहेत. ही उत्तरे बरोबर आहेत की नाहीत हे आपण त्याला कधी विचारले नाही, इतकेच.

हाच सूचनाफलक जेव्हा विद्यापीठांच्या आवारात संगणकाच्या पडद्यावर आला, तेव्हा हे सर्व प्रश्न पुन्हा नव्याने उभे राहिले. कारण पडद्याला काच आणि कुलूप आपोआप नसते. प्रत्येक गोष्ट कोणाला तरी ठरवावी लागली. कोणी ठरवली, कशी ठरवली, आणि त्याचे बरेवाईट परिणाम काय झाले, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे.

ती सुरू होते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शँपेन येथे. १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर या तरुण विद्युत अभियंत्याने तेथे संगणकाच्या साहाय्याने शिकवण्याचा प्रयोग आरंभला. या योजनेला ‘प्लेटो’ असे नाव होते. नाव तत्त्वज्ञाचे असले तरी काम शिक्षकाचे होते. आरंभी एकच विद्यार्थी बसू शके. मग दोन, मग वीस. १९७२ च्या सुमारास या योजनेची चौथी आवृत्ती आली आणि काही वर्षांतच एका मोठ्या संगणकाला दूरदूरच्या ठिकाणांहून जवळजवळ हजार पडदे जोडले गेले.

हे पडदे आजच्यासारखे नव्हते. बिट्झर, त्यांचे सहकारी जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये काचेच्या दोन तावदानांमध्ये वायू भरून नारिंगी प्रकाशाचा सपाट पडदा शोधून काढला होता. ५१२ आडवे आणि ५१२ उभे असे ठिपके. एकदा पेटलेला ठिपका विझवेपर्यंत आपणहून पेटलेला राही, म्हणून चित्र लक्षात ठेवायला वेगळी महागडी स्मृती लागत नसे. मजकुराच्या ३२ ओळी, प्रत्येक ओळीत ६४ अक्षरे, इतकीच जागा. वहीच्या पानापेक्षा थोडी अधिक म्हणा. वाचकहो, ही मर्यादा ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी रचना या लहानशा पानात बसवलेली आहे.

प्लेटोचा हेतू धडे शिकवण्याचा होता, गप्पांचा नव्हता. पण जिथे शेकडो माणसे एकाच यंत्रावर बसतात तिथे तक्रारी निघणारच. अमुक धडा चालत नाही, तमुक कळ दाबली की यंत्र अडते. अशा तक्रारी लिहिण्यासाठी आरंभी एक सामाईक फाईल उघडी ठेवलेली होती. कोणीही यावे, तळाशी आपली तक्रार लिहावी आणि जावे. भिंतीवर खडूने लिहावे तसे. तिच्या अडचणी लवकरच दिसू लागल्या. एका वेळी एकालाच लिहिता येई. लिहिणारा कोण हे निश्चित कळत नसे. बहुतेक लोक सही करीत, पण करायलाच हवी असे काही नव्हते. दुसऱ्याने लिहिलेले बदलता येई, पुसता येई. आणि मधूनच एखाद्या खोडकराला सगळी फाईलच पुसून टाकण्याची लहर येई. आपल्या वर्गातला फळा मधल्या सुट्टीनंतर कसा दिसतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

१९७३ च्या उन्हाळ्यात तेथील प्रणालीचे काम पाहणाऱ्या पॉल टेन्झार यांनी एका १७ वर्षांच्या मुलाला यावर तोड काढण्यास सांगितले. त्याचे नाव डेव्हिड वुली. आपल्याकडे या वयाचा मुलगा बारावीच्या परीक्षेच्या धास्तीत असतो. टेन्झार यांची कल्पना साधी होती. प्रत्येक तक्रारीवर लिहिणाऱ्याची ओळख आणि तारीख यंत्राने आपोआप घालावी, तक्रार कोणाला पुसता येऊ नये, आणि पडद्याचे दोन भाग करून वर तक्रार व खाली अधिकाऱ्यांचे उत्तर दिसावे.

या कल्पनेतला पडदा म्हणजे अर्ज आणि त्यावरचा शेरा. सरकारी कचेरीत चालतो तसा व्यवहार. वर जनतेचे म्हणणे, खाली साहेबांचे एक उत्तर, विषय संपला. वुलीच्या मनात दोन शंका आल्या. अर्धा पडदा म्हणजे १६ ओळी, त्यात काही तक्रारी मावणार नाहीत. आणि एका उत्तराने प्रश्न सुटतोच असे नाही. अधिकारी उलट विचारतील, तक्रारदार खुलासा करील, तिसरा कोणी म्हणेल की मलाही हाच अनुभव आला. म्हणून त्याने पडदा दुभंगण्याचे सोडून दिले. प्रत्येक टिपणाला पूर्ण पडदा दिला आणि प्रत्येक उत्तरालाही पूर्ण पडदा दिला. एका टिपणामागे एक अशी ६३ पर्यंत उत्तरे साखळीसारखी जोडता येतील अशी सोय केली. ७ ऑगस्ट १९७३ रोजी हे ‘नोट्स’ सुरू झाले.

मला या ठिकाणी थोडे रेंगाळावेसे वाटते. पडद्याचे दोन भाग करायचे की नाही, ही गोष्ट दिसायला सुताराच्या फळीइतकी क्षुल्लक. पण दोन भागांच्या पडद्यावर फक्त साहेब उत्तर देऊ शकतो. साखळीच्या पडद्यावर कोणीही देऊ शकतो. पहिल्यात तक्रारपेटी होते, दुसऱ्यात सभा होते. नियमावलीत एक ओळ न लिहिता केवळ मांडणीने बोलण्याचा हक्क वाटला गेला. मुलांना आपण नागरिकशास्त्रात हक्कांविषयी शिकवतो तेव्हा घटनेची कलमे सांगतो. हे उदाहरण मी आता त्यांना मुद्दाम सांगतो.

टिपणांची यादी हा दुसरा महत्त्वाचा भाग होता. आत शिरताच सारा मजकूर अंगावर येत नसे. मथळा, तारीख आणि त्यामागे उत्तरे किती, अशी एकेका ओळीची सूची समोर येई. हवे ते टिपण उघडावे, नको ते सोडावे. चार दिवस आजारी असलेला विद्यार्थी परत आला तर कुठून वाचायचे हे त्याला सूचीवरून कळे. टिपणांचे तीन कप्पे होते. एकात प्रणालीच्या घोषणा, त्या फक्त कर्मचाऱ्यांनी लिहायच्या. दुसऱ्यात मदतीसाठी विचारलेले प्रश्न. तिसरा सर्वांसाठी खुला. म्हणजे काचेची पेटी मोडली नाही. तिच्या शेजारी एक उघडी भिंत उभी केली आणि कोणती पेटी व कोणती भिंत हे दारातच सांगितले. आजही अनेक ठिकाणी या दोहोंची सरमिसळ होते आणि मुख्याध्यापकांची सूचना कोणाच्या तरी सुप्रभातच्या चित्राखाली दडून जाते.

नोट्स तक्रारींसाठी निघाले आणि काही दिवसांतच लोक त्यात वाटेल त्या विषयावर लिहू लागले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत डग ब्राउन याने ‘टॉकोमॅटिक’ नावाचा दुसरा प्रकार केला. त्यात पडद्याचे आडवे पट्टे केलेले असत आणि प्रत्येक बोलणाऱ्याला आपापला पट्टा मिळे. अक्षर दाबताच ते सर्वांना दिसे, वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नसे. माणूस अडखळतो, खोडतो, पुन्हा लिहितो, हे सारे दिसे. एका खोलीत पाच जण बोलू शकत. १९७४ मध्ये किम मास्ट या अठरा वर्षांच्या मुलाने एकाने दुसऱ्याला खासगी पत्र लिहिण्याची सोय केली. आणि १९७६ च्या जानेवारीत वुलीने ‘ग्रुप नोट्स’ आणले. आता वापरणाऱ्यांना स्वतःच्या विषयाची फाईल काढता येऊ लागली आणि तिचा जो चालक असेल त्याने ठरवायचे की कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी दोन्ही करावे. काही फाईलींमध्ये नाव न देता लिहिण्याची मुभाही ठेवलेली होती. माणसामाणसांतील नात्यांच्या अडचणींविषयीची एक फाईल अशी निनावी होती. ज्या गोष्टी आपल्या नावाने कोणी बोलत नाही त्या तिथे बोलल्या गेल्या.

येथे एक विरोधाभास दिसेल. १९७३ मध्ये नाव सक्तीचे केले म्हणून चर्चा टिकली, आणि तीन वर्षांनी नाव झाकण्याची सोय द्यावी लागली. दोन्ही निर्णय योग्यच होते. आधी दार भक्कम करायचे आणि मग त्याला पडदा लावायचा. दारच नसताना पडदा लावला तर त्याला निवारा म्हणत नाहीत.

आता इलिनॉयहून कॅलिफोर्नियाला येऊ. योगायोग पाहा, नोट्स सुरू झाले त्याच ऑगस्टमध्ये, एकाच दिवसाच्या अंतराने, बर्कली येथे दुसरा प्रयोग उभा राहिला. त्याचे नाव ‘कम्युनिटी मेमरी’, म्हणजे समाजाची स्मृती. एफ्रेम लिपकिन, ली फेल्सनस्टीन, मार्क स्झपाकोव्स्की आदी मंडळींनी विद्यार्थ्यांच्या मालकीच्या ‘लिओपोल्ड्स’ या रेकॉर्डच्या दुकानात, गायक-वादकांच्या सूचनाफलकाशेजारी, एक टेलिटाइप यंत्र आणून ठेवले. टेलिटाइप म्हणजे तारखात्यातले टकटक करणारे छापयंत्र. सेकंदाला दहा अक्षरे हा त्याचा वेग. टेलिफोनच्या तारेने ते सॅन फ्रान्सिस्कोतील एका जुन्या मोठ्या संगणकाला जोडलेले होते.

यंत्र फार आवाज करी. म्हणून त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवले, आतून स्पंज लावला, वर पारदर्शक प्लास्टिक आणि समोर हात घालायला दोन भोके. इलिनॉयचा देखणा नारिंगी पडदा कुठे आणि हे खोके कुठे! परंतु एका बाबतीत बर्कलीची मंडळी पुढे होती. त्यांनी खोक्याशेजारी एक माणूस उभा केला. येणाऱ्याला तो सांगे, घाबरू नका, या, लिहून पाहा. आज्ञा मुख्यतः दोनच होत्या. एक ‘ॲड’, म्हणजे भर घाला. दुसरी ‘फाइंड’, म्हणजे शोधा. लिहिणाऱ्याने आपल्या सूचनेसाठी दोन-चार खुणेचे शब्द स्वतःच द्यायचे आणि शोधणाऱ्याने त्या शब्दांनी शोधायचे. कप्पे आधी ठरवलेले नव्हते. लोक लिहितील तसे कप्पे तयार होत.

करणाऱ्यांना वाटले होते की लोक नोकरी, भाड्याची खोली, गाडीतील रिकामी जागा यांच्या सूचना लिहितील. तशा लिहिल्याही. पण वादकांना साथीदार मिळू लागले, कोणी कविता टाकल्या, कोणी काल्पनिक पात्राच्या नावाने चेष्टा केल्या. एकाने विचारले की या भागात चांगले बेगल कुठे मिळतात. बेगल म्हणजे यहुदी लोकांचा वाटोळा पाव. उत्तरे आली, त्यांत एका पाववाल्याने लिहिले की या, मी तुम्हाला करायलाच शिकवतो. कोणत्या पेटीत ही सूचना लागली असती, सांगा बरे? शाळेच्या काचेच्या पेटीत तर नक्कीच नाही.

हा पहिला प्रयोग १९७५ च्या आरंभापर्यंत चालला. मंडळींनी १९८० नंतरच्या दशकात तो पुन्हा उभा केला आणि पुढे त्यात एक गमतीदार नियम घातला. वाचणे फुकट. आपले मत लिहायला पंचवीस सेंट. नवा विषय काढायला एक डॉलर. नाणे टाकायचे आणि बोलायचे. मला हा नियम पुरता पटत नाही, कारण ज्याच्या खिशात नाणे नाही त्याचे काय? तथापि त्यामागचा विचार खोटा नव्हता. नवा विषय काढणे हे सर्वांचा वेळ घेणे आहे, म्हणून त्याला किंचित अडसर असावा. हा अडसर पैशाचाच असला पाहिजे असे मात्र नाही.

यानंतरचा टप्पा थोडक्यात सांगतो. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी ‘यूजनेट’ची कल्पना काढली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन याने त्याची पहिली आवृत्ती लिहिली. आता एका आवाराचा फलक दुसऱ्या आवारात जाऊ लागला. रात्री टेलिफोनच्या तारेने एक यंत्र दुसऱ्याला नवे लेख देई. फलकाला मालक असा उरला नाही. गर्दी वाढली तेव्हा १९८६-८७ मध्ये सर्व गटांची नावे बदलून संगणक, विज्ञान, समाज, करमणूक अशा मोठ्या शाखांखाली लावण्यात आली. त्यावरूनही बराच वादंग झाला, कारण आपल्या गटाला कोणत्या शाखेखाली टाकले यात मानापमान आलेच. समाज या शाखेखाली भारतीय संस्कृतीचा आणि त्याखाली मराठीचाही गट होता. परदेशी गेलेले मराठी विद्यार्थी व अभियंते त्यावर रोमन लिपीतून मराठी लिहीत. यंत्राला देवनागरी येत नव्हती म्हणून भाषेने परक्या लिपीचे कपडे घातले. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

यूजनेटच्या काळातली एक गोष्ट शिक्षकाला विशेष जवळची वाटते. दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, त्यांना प्रथमच हे साधन मिळे आणि ते वाटेल तिथे वाटेल ते लिहीत. जुने लोक महिनाभर सांभाळून घेत, रीत समजावून देत, आणि ऑक्टोबरपर्यंत गाडी रुळावर येई. आपल्या जूनसारखेच. पण १९९३ पासून खासगी कंपन्यांचे ग्राहक लोंढ्याने येऊ लागले आणि महिना संपेचना. जुने लोक त्याला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणू लागले. रीत शिकवणारे थोडे आणि शिकणारे अगणित, हे गणित कोणत्याही शाळेला झेपत नाही.

आणि मग हार्वर्ड. तिथल्या वसतिगृहांतून विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांची छापील पुस्तिका मिळत असे, तिला ‘फेसबुक’ म्हणत. ४ फेब्रुवारी २००४ रोजी मार्क झुकरबर्ग या विद्यार्थ्याने त्याच नावाचे संकेतस्थळ काढले. प्रवेश फक्त विद्यापीठाच्या पत्त्यावर. त्या वर्षी त्यात ‘वॉल’, म्हणजे प्रत्येकाच्या पानावर मित्रांनी लिहायची भिंत आली. ती आरंभी एक उघडी जागा होती. कोणी यावे, लिहावे, दुसऱ्याचे खोडावे. वसतिगृहातील खोल्यांच्या दारांवर फळे टांगलेले असतात, तसे. मग तिथेही प्रत्येक मजकूर वेगळा, लिहिणाऱ्याच्या नावाचा, असा करावा लागला. वाचकहो, आपणाला काही आठवते काय? १९७३ मध्ये इलिनॉयच्या सामाईक फाईलची हीच कथा होती. एकतीस वर्षांनी, अतिशय हुशार मुलांनी, तेच पुन्हा ठेच खाऊन शिकले. इतिहास वाचायचा तो यासाठी, असे आम्ही मास्तर लोक वर्गात म्हणतो आणि मुले जांभई देतात.

२००६ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी ‘न्यूज फीड’ आणले. तोपर्यंत एखाद्याविषयी जाणून घ्यायचे तर त्याच्या पानावर जावे लागे. आता सर्वांची प्रत्येक हालचाल एकाखाली एक येऊन आपल्यापुढे उभी राहू लागली. विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध त्याच स्थळावर गट काढला आणि लाखो जण त्यात सामील झाले. कंपनीने दिलगिरी व्यक्त करून काही बंधने घालण्याची सोय दिली, पण मांडणी तीच ठेवली. मला यातली खरी घटना वेगळीच वाटते. या दिवशी सूची गेली. नोट्समध्ये मथळे समोर असत आणि निवड वाचणाऱ्याची असे. आता निवड यंत्र करू लागले. मजकूर नदीसारखा वाहू लागला, आणि नदीत चार दिवसांपूर्वीचे पाणी सापडत नसते.

हे सारे अमेरिकेत घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध असा की आज आपल्या संस्थांतही सूचनाफलक पडद्यावर गेला आहे. बहुतेक ठिकाणी तो व्हॉट्सॲपच्या गटात गेला आहे, कारण ते फुकट आहे आणि प्रत्येकाच्या हाताशी आहे. २०१८ मध्ये त्यात केवळ चालकांनीच लिहावे अशी सोय आली, म्हणजे काचेची पेटी पुन्हा मिळाली. पण एकाच गटात पेटी आणि भिंत शेजारी नाहीत, आणि सूचीही नाही. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख सोमवारी सकाळी येते आणि दुपारपर्यंत पंचवीस ‘जी सर’ आणि नमस्काराच्या हातांखाली गाडली जाते. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातल्या मुलीला ती सूचना रात्री मिळते, मिळाली तर. आणि अशी घरे आपल्या समाजात थोडी नाहीत. शिष्यवृत्तीचा एक अर्ज चुकणे म्हणजे काय, हे मी आपणाला सांगायला नको. कित्येकदा त्या एका अर्जावर मुलीचे पुढचे वर्ष अवलंबून असते.

म्हणूनच आता काही संस्था आपले स्वतःचे संकेतस्थळ करू पाहत आहेत, ज्यात विद्यार्थ्यांची चर्चा असेल आणि कार्यक्रमांची माहितीही. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. नमुना घेऊन येणारा तंत्रज्ञ मुखपृष्ठाचे रंग दाखवतो, इमारतीचे छायाचित्र हलते ते दाखवतो, आणि कार्यकारिणी खूश होते. त्याला विचारावे की सूची कुठे आहे. घोषणा आणि चर्चा वेगळ्या ठेवल्या आहेत का? एकाने लिहिलेले दुसऱ्याला पुसता येते का? आणि शाळेच्या दारात, खोक्याशेजारी उभ्या राहणाऱ्या बर्कलीच्या माणसासारखा, ज्यांच्या घरी फोन नाही त्यांना पडदा दाखवणारा कोणी असणार आहे का? ग्रंथालयात एक संगणक मधल्या सुट्टीत मोकळा ठेवला आणि शेजारी वरच्या वर्गाची एक मुलगी बसवली, तर हे काम होते. त्याला निधी लागत नाही.

मुलींच्या बाबतीत नावाचा प्रश्नही आहे. भर चर्चेत, सगळ्या मुलांसमोर, आपल्या नावाने शंका विचारायला आठवी-नववीतली मुलगी कचरते. निनावी ठेवले तर खोडसाळपणा बोकाळतो. ग्रुप नोट्सची वाट मला येथे उपयोगी वाटते. सर्वत्र नाव, आणि ठरवून दिलेल्या एखाद्या फाईलीतच नाव झाकलेले. त्या फाईलीचा चालक एखादी अनुभवी शिक्षिका असावी. नाव तिला ठाऊक असावे, इतरांना नसावे.

लिपीचा मुद्दा मी वर राखून ठेवला होता. आपल्यापैकी अनेक संस्थांत मराठी आणि उर्दू अशी दोन्ही माध्यमे एका छपराखाली आहेत. काचेच्या पेटीत दोन कागद शेजारी लावले की काम भागते. पडद्यावर तसे नाही. मराठी डावीकडून उजवीकडे जाते, उर्दू उजवीकडून डावीकडे. उर्दूच्या वाचकासाठी सूचीत मथळा उजव्या कडेला हवा आणि तारीख डावीकडे. एका ओळीत उर्दू मजकूर आणि मध्येच मराठी गावाचे नाव किंवा आकडा आला की शब्दांची अदलाबदल होते, ‘पुढे’ आणि ‘मागे’ या बाणांची दिशा उलटी होते. हे अवघड आहे पण नवीन नाही. प्लेटोच्या चौथ्या आवृत्तीतच शिक्षकाला आपल्या लिपीची अक्षरे ठिपक्यांनी काढून यंत्रात घालता येत. त्यावर रशियन, चिनी आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या हिब्रूचे धडे झाले होते. आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’चे काम भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचेच होते. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीही होती आणि अरबी लिपीही. म्हणजे सोय होऊन तीन दशके उलटली. तरीही उर्दू विभागाची सूचना छायाचित्र काढून चिकटवली जाते, आणि छायाचित्रातला शब्द शोधून सापडत नाही. ‘फाइंड’ची आज्ञा उर्दूच्या विद्यार्थ्याला लागू पडत नाही असा त्याचा अर्थ होतो. तंत्रज्ञ म्हणाला की हे नंतर करू, तर तेव्हाच समजावे की ते होणार नाही.

शेवटी कार्यक्रमांच्या तारखांविषयी. तयार मिळणाऱ्या नमुन्यांत प्रत्येक कार्यक्रमाला एक ठरलेली तारीख द्यावीच लागते, त्याशिवाय यंत्र पुढे जाऊ देत नाही. स्नेहसंमेलनाला, पालक सभेला हे ठीक आहे. पण रमजानमधल्या शाळेच्या बदललेल्या वेळा, ईदची सुट्टी, ईदनंतरचा मिलनाचा कार्यक्रम यांची तारीख चंद्र दिसल्यावर ठरते. शिपाई काय करतो? कागदावर तारीख लिहितो, पुढे कंसात ‘चंद्रदर्शनानुसार’ लिहितो, आणि आदल्या रात्री गरज पडली तर सकाळी लवकर येऊन आकडा बदलतो. पडद्यावरही तारखेच्या चौकटीशेजारी तेवढ्या एका शब्दाला जागा हवी, आणि तारीख बदलली तर ज्यांनी आधीची वाचली होती त्या सर्वांना बदल कळायला हवा. आमच्याकडे आलेल्या नमुन्यात ही जागा नव्हती. ती मागून घेतली आहे.